प्लग-इन हायब्रिड रोज कशी वापरावी: रीडिंगच्या एका घरचा हिशोब

"अ‍ॅव्हरेज किती देते?" गाडी घेतली की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न हाच. आमच्याकडे २०१९ ची मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि पिन लावून चार्जही होणारी प्लग-इन हायब्रिड आहे आणि तिच्या बाबतीत याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. आठवडाभर शाळा, स्टेशन, पेशंटकडच्या फेऱ्या आणि वाणसामान एवढंच झालं, तर पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. सलग मोटरवेने स्कॉटलंड गाठलं, तर गॅलनला पस्तीस ते चाळीस मैल, म्हणजे लिटरला साडेबारा ते चौदा किलोमीटर. गाडी तीच, चालवणारीही तीच. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: रात्री पिन लावली होती का, आणि बॅटरीतली वीज नेमकी कुठे खर्च केली.

मी मूळची मिरजेची. रीडिंगला लागून असलेल्या वुडलीत राहते, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि घरोघरी जाऊन पेशंट बघते. इंग्लंडमधल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांत आता अशा वापरलेल्या गाड्या येताहेत. विकणारा किल्ली आणि केबल हातात देतो. पुढे काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मिरजेच्या नातेवाइकांना हायब्रिड म्हटलं की ग्रँड विटारा किंवा इनोव्हा हायक्रॉस डोळ्यांसमोर येते. त्या गाड्यांची बॅटरी छोटी असते, इंजिन आणि ब्रेक मिळून ती चार्ज करतात, बाहेरून वायर लावायची सोयच नसते. प्लग-इनची बॅटरी त्याहून बरीच मोठी. आमच्या गाडीत १३.८ किलोवॉट-तासांची आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळी मोटर आहे आणि जोडीला २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन. कंपनीने निव्वळ विजेवरचा पल्ला २८ मैल, म्हणजे ४५ किलोमीटर दिला आहे. प्रत्यक्षात उन्हाळ्यात पंचविसेक मैल मिळतात, जानेवारीत सतरा-अठरा. गाडी घेण्यापूर्वी हिवाळ्याचा आकडा धरूनच आपल्या रोजच्या अंतराचा हिशोब मांडा. माझी पेशंटची फेरी, शाळा आणि ट्वायफर्ड स्टेशन हे सगळं मिळून पंधराच्या आसपास जातं, म्हणून आम्हाला ही गाडी परवडते. तुमचं ऑफिस मोटरवेने चाळीस मैलांवर असेल आणि तिथे चार्जिंग नसेल, तर साधी पेट्रोल हायब्रिड घ्या. विनाकारण जड बॅटरी वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. २०२० मध्ये आयसीसीटी ही स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी संस्था आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांनी प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्लग-इन गाड्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा इंधनखर्च प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या दोन ते चार पट निघाला. पुढे २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्याच मीटरची नोंद तपासली आणि उत्सर्जन सुमारे साडेतीन पट भरलं. लोक गाडी घेतात आणि चार्जच करत नाहीत. ब्रिटनमध्ये कंपनीकडून मिळालेल्या अशा गाड्या मुदत संपल्यावर परत आल्या, तेव्हा काहींच्या डिकीत केबल वेष्टनासकट तशीच पडलेली सापडली होती.

आधी गाडी लावायची जागा

घराला स्वतःचा ड्राइव्हवे किंवा नेमून दिलेली पार्किंगची जागा असेल, आणि तिथवर वीज पोचत असेल, तरच प्लग-इनचा विचार करा. रस्त्यावर गाडी लावून फुटपाथवरून केबल ओढायचा विचार डोक्यातून काढा. बाबागाडी, काठी टेकत जाणारी आजी, व्हीलचेअर, सगळ्यांना ती आडवी येते. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या.

सुरुवातीला भिंतीवरचा चार्जर लागतोच असं नाही. गाडीबरोबर येणारी तीन पिनांची केबल आमच्या गाडीत १० अँपिअर ओढते आणि रिकामी बॅटरी साधारण साडेपाच तासांत भरते. १६ अँपिअरच्या चार्जरवर हेच काम चार तासांत होतं. भिंतीवर सात किलोवॉटचा चार्जर बसवला तरी ही गाडी ३.७ किलोवॉटच्या वर घेऊ शकत नाही, त्यामुळे तो निव्वळ हिच्यासाठी बसवू नका. पुढची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

सॉकेटच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. घरातला तीन पिनांचा सॉकेट किटलीसारख्या दोन मिनिटांच्या कामासाठी बरा, पण रोज पाच तास १० अँपिअर ओढायचे तर जुना, ढिला सॉकेट तापतो. इलेक्ट्रिशियनकडून बाहेरच्या भिंतीवर पाऊस न शिरणारा वेगळा सॉकेट बसवून घ्या, त्याला फ्यूजबोर्डपासून स्वतंत्र लाइन आणि आरसीडी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना तासाभराने पिनेच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा. कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर लगेच बंद करून सॉकेट तपासून घ्या. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर गाडी कधीही चार्ज करू नका. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळते. मिरजेला सासऱ्यांनी बोअरच्या मोटरीसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला होता. इथेही विचार तोच करायचा.

आमच्याकडे रात्री झोपण्यापूर्वी तीन कामं असतात: मागचं दार लावणं, डिशवॉशर लावणं आणि गाडीला पिन लावणं. तिसरं काम थोरलीकडे आहे. "उद्या कुठे जायचंय?" असा विचार करून चार्जिंग ठरवू नका, कारण नेमकं ज्या दिवशी लावत नाही त्याच दिवशी शाळेतून फोन येतो. दिवसभरात पाच मैल झाले असतील तरीही लावा.

विजेचा दर आणि पेट्रोलचा दर

हा भाग कागद-पेन घेऊन वाचा, कारण "वीज स्वस्त" हे सरसकट खरं नाही.

बॅटरी पूर्ण भरायला भिंतीतून साधारण साडेदहा युनिट जातात (१३.८ मधला काही भाग गाडी कायम राखीव ठेवते) आणि उन्हाळ्यात त्यावर पंचवीस मैल होतात. पेट्रोल लिटरला १३५ पेन्स आणि गॅलनला ३७ मैल धरले, तर पेट्रोलवर मैलाला साडेसोळा पेन्स पडतात. आमच्या करारात रात्री साडेबारा ते साडेपाच वीज युनिटला साडेआठ पेन्सने मिळते. त्या दराने बॅटरी नव्वद पेन्सच्या आत भरते आणि मैल साडेतीन पेन्सच्या थोडा वर जातो. साध्या करारात युनिट पंचवीस पेन्सच्या आसपास असेल, तर मैलाला साडेदहा. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच.

आता मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमधला, म्हणजे वाटेतल्या थांब्यावरचा, वेगवान चार्जर घ्या. तिथे युनिटला ७० पेन्स सहज लागतात. मैलाला २९ पेन्स झाले! पेट्रोलच्या पावणेदोन पट. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आहे आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के, तिथूनच फरक सुरू होतो. म्हणून एक आकडा लक्षात ठेवा: उन्हाळ्यात युनिटचा दर ४० पेन्सच्या वर गेला की ही गाडी पेट्रोलवर चालवणं स्वस्त. थंडीत त्याच साडेदहा युनिटांत जेमतेम अठरा मैल होतात, तेव्हा ही सीमा २८ पेन्सवर येते. पेट्रोलचा भाव बदलला की हा आकडा पुन्हा काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

पैशांपलीकडेही एक गोष्ट आहे. सर्व्हिसेसमध्ये पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना चार्जिंगवाचून पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे टाकीत पेट्रोल असतं. रांग असेल तर तिथे गाडी लावू नका.

रात्रीच्या स्वस्त दराच्या करारात दिवसाचा दर बहुतेक वेळा थोडा चढा असतो. प्लग-इन गाडी रात्रीत जास्तीत जास्त दहा-अकरा युनिट खाते, त्यामुळे घरात दिवसाचा वापर मोठा असेल तर वाचवलेले पैसे तिकडे जाऊ शकतात. करार बदलण्याआधी स्मार्ट मीटरवरून महिन्याचा दिवसाचा वापर काढा. बदललात तर वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरही रात्रीच्या वेळेत ढकला. १० अँपिअरला साडेपाच तास लागतात आणि स्वस्त वेळ पाच तासांची असते, हे गणित मात्र फारसं मनावर घेऊ नका. बॅटरी रोज पूर्ण रिकामी होत नाही. गाडीतच टायमर लावून ठेवा, म्हणजे संध्याकाळी सातला पिन लावली तरी चार्जिंग साडेबारालाच सुरू होईल. शिवाय भरलेली बॅटरी रात्रभर तशीच ताटकळत राहण्यापेक्षा सकाळी निघायच्या सुमाराला भरणं तिच्या तब्येतीलाही चांगलं.

करांचं थोडक्यात: एप्रिल २०२५ पासून वार्षिक रोड टॅक्समध्ये हायब्रिडला मिळणारी सवलत गेली. एप्रिल २०२८ पासून प्लग-इनवर मैलाला दीड पेनी लागणार असल्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. वरच्या हिशोबात ती मिळवा, निष्कर्ष बदलत नाही.

वीज कुठे खर्चायची

गाडीत सेव्ह आणि चार्ज अशी दोन बटणं आहेत. इतर कंपन्यांच्या गाड्यांत नावं वेगळी असतील, काम तेच. सेव्ह दाबलं की आहे तेवढी बॅटरी राखून ठेवली जाते आणि इंजिन पुढे होतं. चार्ज दाबलं की इंजिन बॅटरी भरू लागतं.

दिवसभराचं अंतर विजेच्या पल्ल्यात बसत असेल तर एकाही बटणाला हात लावू नका. प्रश्न येतो तो लांबच्या प्रवासाला. पेट्रोल इंजिन मोटरवेवर एका लयीत चालताना कमी वाया घालवतं, तर सिग्नल आणि गर्दीत थांबत-थांबत जाताना जास्त. विजेचं उलट आहे. हळू, थांबत जाण्यात मोटर बेताची वीज खाते आणि ब्रेक लावताना थोडी परतही मिळते, पण सत्तर मैलांच्या वेगाला बॅटरी बघता-बघता रिकामी होते. तेव्हा गावातल्या रस्त्यांना वीज द्या आणि मोटरवेला पेट्रोल.

उदाहरण म्हणून गणपतीत आम्ही डॉलिस हिलला, लंडनच्या महाराष्ट्र मंडळात जातो तो रस्ता घ्या. एकूण चाळीसेक मैल. वुडलीतून निघून एम४ ला लागेपर्यंतचे तीन मैल विजेवर. एम४ ला लागताच सेव्ह. चिझिकला मोटरवे संपतो आणि नॉर्थ सर्क्युलर हा शहरातला वळसा रस्ता सुरू होतो, तिथे सेव्ह काढायचं. हँगर लेन आणि नीस्डनची ती मुंगीच्या पावलांची गर्दी सगळी विजेवर, इंजिन बंद, गाडीत आवाज फक्त मुलांचा. येतानाही हाच क्रम. जाऊन-येऊन गर्दीचे मैल बावीसच्या आसपास भरतात आणि सप्टेंबरच्या हवेत एका चार्जिंगमध्ये बसतात. घरी पोचताना बॅटरी जवळपास रिकामी असली पाहिजे, कारण पुढची वीज रात्री स्वस्तात मिळणारच आहे. बॅटरीत वीज शिल्लक ठेवून घरी येणं म्हणजे तेवढं पेट्रोल जास्त जाळलं.

लंडनचा विषय निघालाच आहे तर: पेट्रोलची युरो ६ गाडी असल्याने युलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या आकाराचे) साडेबारा पौंड लागत नाहीत, आणि ऑगस्ट २०२३ पासून युलेझ लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये आहे, म्हणून हे महत्त्वाचं. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा कंजेशन चार्ज मात्र ऑक्टोबर २०२१ पासून प्लग-इनलाही पूर्ण भरावा लागतो. जुन्या माहितीवर विसंबून वेस्टमिन्स्टरमध्ये गाडी घालू नका. डॉलिस हिल त्या हद्दीच्या बाहेर आहे.

चार्ज बटणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वर्षातून दोन-चार वेळांपलीकडे ते लागू नये. पेट्रोल जाळून वीज करायची, ती बॅटरीत साठवायची आणि पुन्हा मोटरला द्यायची, प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती. मी ते वापरते डोंगर चढण्यापूर्वी. वेल्समध्ये मर्थिरहून ए४७० ने ब्रेकन बीकन्सचे डोंगर चढताना भरलेली डिकी आणि पाच माणसं असली, की रिकाम्या बॅटरीवर इंजिन ओरडत राहतं. बॅटरीत तिसरा हिस्सा जरी शिल्लक असेल तर मोटरी मदतीला येतात आणि गाडी शांतपणे चढते. म्हणून कार्डिफच्या अलीकडेच सेव्ह लावून ठेवावं. ते राहिलं असेल तर मोटरवेवरच्या शेवटच्या अर्ध्या तासात चार्ज.

उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलचा उपयोग करा. बी० ते बी५ अशा पायऱ्या आहेत. बी० ला गाडी मोकळी घरंगळते, बी५ ला पाय सोडताच चांगली आवरते आणि ती शक्ती बॅटरीत जाते. त्याच रस्त्यावर माथ्यावरच्या स्टोरी आर्म्सपासून ब्रेकनकडे उतरताना बी५ वर ब्रेकला पाय क्वचितच लावावा लागतो. शहरात मी बी३ वर ठेवते. बी५ वर मागे बसलेल्या सासूबाईंना मळमळतं, आणि प्रवासी सुखात असणं हे दोन-चार टक्के विजेपेक्षा मोठं. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर मात्र वीज परत घ्यायला तिच्यात जागाच नसते आणि गाडी पहिल्या उतारावर नेहमीइतकी आवरत नाही. टेकडीवर घर असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

थंडी

इंग्लंडच्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त वीज खातो तो हीटर. पेट्रोल गाडीत इंजिनची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे विजेवर चालताना ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते. गाडीची पिन काढण्याआधीच आतली हवा गरम करून घ्या. आउटलँडरचं अ‍ॅप गाडीच्या स्वतःच्या वायफायवर चालतं, म्हणजे फोन गाडीच्या जवळपास असावा लागतो. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पोचतं. डबे भरता-भरता निघायच्या वीस मिनिटं आधी हीटिंग लावायचं. काचेवरचं गोठलेलं दव वितळतं, पोरं कुरकुर न करता बसतात, आणि ती ऊब बऱ्याच अंशी भिंतीतल्या विजेवर येते.

वाटेत सीट आणि स्टिअरिंगचं हीटिंग आधी वापरा, हवा गरम करणं नंतर. अंगाला टेकलेली सीट गरम करायला अगदी थोडी वीज लागते. काचा आतून धुरकट झाल्या तर एसी चालू करायला कचरू नका. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि समोरचं न दिसण्यापेक्षा दोन मैल कमी गेलेले बरे. कडाक्याच्या थंडीत हीटर मोठा केला की इंजिन आपोआप सुरू होतं. गाडी बिघडलेली नाही, ती उष्णता मिळवते आहे.

यातूनच लांबच्या प्रवासाची एक चांगली रीत निघते. जानेवारीत शंभर मैल जायचं असेल तर घरातून निघतानाच सेव्ह दाबा. इंजिन एरवीही पुढे सुरू होणारच आहे. ते आत्ताच चालू झालं तर त्याची उष्णता गाडीला फुकट मिळते आणि बॅटरी मुक्कामाच्या गावातल्या फिरण्याला उरते. उन्हाळ्यातला क्रम हिवाळ्यात असा उलटा होतो.

इंजिन, ब्रेक, टायर

महिनाभर इंजिन सुरूच झालं नाही तर चांगलंच की, असं वाटतं. पण टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. रोजचं सगळं विजेवर होत असेल तर ४५ लिटरची टाकी फुल करू नका, अर्धी ठेवा म्हणजे पेट्रोल खेळतं राहील. फार दिवस पेट्रोल भरलं नाही तर गाडी स्वतःच मधूनच इंजिन चालवते, तेव्हाही घाबरू नका. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेल असा वीस-पंचवीस मिनिटांचा फेरफटका सेव्हवर काढावा. दोन मिनिटं सुरू होऊन बंद पडणारं थंड इंजिन ऑइल खराब करतं. म्हणूनच मैल कितीही कमी झाले असले तरी ऑइल वर्षाला बदलायचंच.

ब्रेकचंही तसंच. मोटरीच गाडी आवरत असल्याने डिस्क वापराविना गंजतात आणि एमओटीला, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत ते निघतं. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून बी० ला टाका आणि ब्रेक जरा दाबून वापरा. गाडी बॅटरीमुळे जड आहे, टायरची हवा महिन्याला तपासा.

भारतात जाताना

आपल्यापैकी बहुतेकांची गाडी डिसेंबरात किंवा शाळेच्या सुट्टीत चार-पाच आठवडे दारात उभी राहते. अशा वेळी मोठ्या बॅटरीपेक्षा १२ व्होल्टची छोटी बॅटरी दगा देते. ती उतरली की रिमोटने दारं उघडत नाहीत, मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी जागी होत नाही. निघताना मोठी बॅटरी अर्ध्याच्या आसपास ठेवा, भरून ठेवू नका, पिन काढून ठेवा. किल्ली विश्वासातल्या मित्राकडे द्या आणि आठवड्याला एकदा येऊन ब्रेक दाबून बटण दाबायला, डॅशबोर्डवर रेडी दिसल्यावर अर्धा तास तशीच ठेवायला आणि तोवर गाडीपाशीच थांबायला सांगा. रेडी असताना मोठी बॅटरी छोटीला चार्ज करते. मधेच इंजिन सुरू होऊ शकतं, त्यामुळे गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर दार उघडं ठेवूनच हे करायचं, हे मित्राला आवर्जून सांगा.

माणसं, बॅगा आणि जुनी गाडी घेताना

सीट उंचावर असल्याने गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना चढ-उतार सोपी जाते. पेशंटकडून मला रोज कळतं की खोल सीटवरून उठणं किती जड असतं, म्हणून हा मुद्दा माझ्या लेखी मोठा आहे. पण मागच्या मोटरीमुळे ह्या गाडीत पाचच सीट आहेत. तुम्ही चौघं आणि गावाहून दोघं आले की सहा होतात. दरवर्षी दोन्हीकडचे आईवडील येऊन राहत असतील तर व्होल्व्हो एक्ससी९० किंवा किया सोरेंटो यांच्या सात सीटच्या प्लग-इन बघा. हीथ्रोला आणायला जाताना चार्जिंगची केबल घरीच ठेवा. तेवीस किलोच्या चार बॅगांना डिकीतली एकूण एक इंच जागा लागते.

वापरलेली आउटलँडर बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा आणि निव्वळ विजेवर दहा मैल चालवून बघा. बॅटरीची तब्येत बघायची असेल तर ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा) छोटा डोंगल आणि पीएचईव्ही वॉचडॉग हे अ‍ॅप वापरा. गाडीच्या पोटातला आकडा दिसतो, डॅशबोर्डवरच्या अंदाजावर विसंबावं लागत नाही. बॅटरीची वॉरंटी नवी असताना आठ वर्षं किंवा एक लाख मैल होती, किती शिल्लक आहे ते आणि सर्व्हिसची नोंद बघा. सुरुवातीच्या वर्षांतल्या काही खालच्या व्हेरिएंटमध्ये विजेचा हीटर नव्हता, त्यात ऊब हवी तर इंजिन सुरू करावंच लागतं. उभ्या गाडीत विजेवर हीटर लावून हे तिथल्या तिथे तपासा. कंपनीने २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गाड्या विकणं थांबवलं, तेव्हा जवळ कोणतं गॅरेज हिची सर्व्हिस करतं ते आधी फोन करून विचारा. शेवटी डिकी उघडून केबल बघा. गाडीच्या बाजूला टाइप १ प्लग असतो, इथल्या बहुतेक नव्या गाड्यांचा टाइप २, त्यामुळे शेजाऱ्याची केबल चालणार नाही. केबल मिळत नसेल तर नव्या केबलची किंमत गाडीच्या भावातून वजा करून घ्या.